दुकानातली पंधरा मिनिटं, अंगावरचे दहा तास: पुरुषांनी रोजचा परफ्यूम कसा निवडावा

परफ्यूम घेताना बहुतेक जण असंच करतात. काउंटरवरचा मुलगा कागदाच्या पट्टीवर फवारा मारतो, आपण ती नाकाशी धरतो, "छान आहे" म्हणतो आणि पाच मिनिटांत बाटली पिशवीत पडते. माझी पहिली महागडी बाटली मी अशीच घेतली. एप्रिल होता. दुकानात गार एसी होता आणि पट्टीवर व्हॅनिला-दालचिनीचा गोड, उबदार वास. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच वास लावून डोंबिवलीहून लोकल पकडली. ठाणं येईपर्यंत घामात मिसळून तो इतका जड झाला की माझंच डोकं दुखायला लागलं, आणि शेजारी उभ्या काकांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. परफ्यूम वाईट नव्हता. थंडीतल्या रात्रीच्या लग्नाला शोभणारी बाटली मी उन्हाळ्यातल्या रोजच्या ऑफिससाठी उचलली होती.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. कोणता वास, कोणत्या महिन्यात, किती फवारे, किती तास टिकला, घरचे काय म्हणाले, सगळं तिच्यात लिहितो. पुढची पद्धत त्या वहीतून आली आहे. सगळं करायला तीन-चार आठवडे लागतात, पण बाटली वर्षभर अंगावर राहणार असते, त्या मानाने हा वेळ फार नाही.

आधी आपला दिवस कागदावर मांडा

दुकानात जाण्याआधी उद्याचा दिवस लिहून काढा. आंघोळ किती वाजता, घर किती वाजता सोडता, प्रवास कशाने, ऑफिसात एसी आहे की पंखा, डबा कुठे बसून खाता, घरी किती वाजता पोचता. सकाळी साडेसातला निघून रात्री आठला परतणाऱ्याला एकदा लावून बारा तास पुरेल असा परफ्यूम शोधायचा मोह होतो. रोजच्या वापरात तो मोह टाळावा असं माझं मत आहे. बारा तास दणदणीत टिकणारा वास पहिल्या दोन तासांत लोकलच्या डब्यात इतरांना फार होतो. सकाळी हलका लावावा आणि दुपारी गरज वाटली तर खिशातल्या लहान बाटलीतून एक फवारा मारावा, ते बरं.

काही कामांत परफ्यूम नकोच. दवाखाना, प्रयोगशाळा, औषधांचा किंवा खाद्यपदार्थांचा कारखाना, स्वयंपाकघर इथे तो लावू नये. बंद खोलीत शेजारी दम्याचा किंवा अर्धशिशीचा त्रास असलेलं कोणी बसत असेल, तर त्यांना आधी सरळ विचारा. विचारलं की माणसं मोकळेपणाने सांगतात.

हवेचाही विचार हवा. उष्णतेने सुगंधाचे रेणू झपाट्याने उडतात, त्यामुळे नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात कोणताही परफ्यूम पहिल्या अर्ध्या तासात अंगावर येतो आणि मग लवकर विरतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत अंग सतत ओलसर असतं, तिथे गोड आणि जड वास कोंदट वाटतात. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात मात्र तेच गोड-मसालेदार वास सुरेख खुलतात. म्हणजे उन्हाळ्यात आवडलेली बाटली थंडीत मिळमिळीत वाटू शकते आणि थंडीत आवडलेली उन्हाळ्यात असह्य होऊ शकते. म्हणून ज्या ऋतूत वापरायची, त्याच ऋतूत पारखायची.

परफ्यूम घामाचा वास झाकत नाही, हेही आताच सांगून ठेवतो. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जिवाणू त्या घामावर जगतात आणि वास तयार करतात. त्यावर परफ्यूम मारला तर दोन्ही वास एकत्र येतात. काख साबणाने नीट धुवा, पुसून कोरडी करा आणि हलक्या वासाचा किंवा बिनवासाचा डिओ लावा. ज्याच्या डब्यावर अँटीपर्स्पिरंट लिहिलेलं असतं त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात आणि ते घामच कमी करतात. आपली तुरटीही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. ओल्या काखेवर तुरटीचा खडा फिरवायची जुनी सवय चांगली आहे आणि स्वस्तही. परफ्यूम या सगळ्यानंतर, आणि काखेत कधीच नाही.

वासांची ओळख आपल्याच घरातून करून घ्या

परफ्यूमच्या खोक्यावरची वर्णनं वाचून बहुतेकांना काही बोध होत नाही, कारण त्यातली झाडं-फुलं आपण पाहिलेली नसतात. पण पुरुषांच्या परफ्यूममधल्या अर्ध्याअधिक वासांची ओळख मराठी घरात लहानपणीच झालेली असते. दिवाळीच्या पहाटेचं उटणं आठवा. नागरमोथा, वाळा, चंदन, गव्हला, कचोरा. यातला वाळा, चंदन आणि नागरमोथा आजही जगभरच्या पुरुषांच्या परफ्यूममध्ये पायाचं काम करतात. म्हणून दुकानात जाण्याआधी एकदा काष्टौषधींच्या दुकानात जा, दहा-वीस रुपयांच्या पुड्या बांधून घ्या आणि घरी शांतपणे हुंगा. यातून जे कळतं ते कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं.

वाळ्यापासून सुरुवात करू, कारण माझ्या मते आपल्या उन्हाळ्यात पुरुषाला रोज लावायला याच्याइतका योग्य वास दुसरा नाही. माठात टाकलेली वाळ्याची जुडी, विदर्भात खिडकीला लावून पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्या, तोच हा गार, मातकट, किंचित धुरकट वास. परफ्यूमच्या जगात याला व्हेटिव्हर म्हणतात, आणि तो शब्द मूळ तमिळ 'वेट्टिवेर'वरून गेलेला आहे. झाड भारतातलं, पण आज परफ्यूमसाठी लागणारं वाळ्याचं तेल मोठ्या प्रमाणावर हैती आणि इंडोनेशियातून येतं. गेर्लां या फ्रेंच कंपनीने १९५९ साली 'व्हेटिव्हर' नावाचाच पुरुषांचा परफ्यूम काढला आणि तो अजून विकला जातो. २००६ साली आलेल्या 'तेर द'एर्मेस'मध्ये संत्र्याची साल, मिरी आणि वाळा यांचा मेळ आहे. माठातलं वाळ्याचं पाणी तुम्हाला आवडत असेल तर शोधाची सुरुवात या घराण्यातून करा.

लिंबूवर्गीय वास सर्वांना आवडतात आणि सर्वात लवकर उडतात. जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना कुटुंबाने १७०९ साली सुरू केलेल्या व्यवसायातून 'कोलोन' हा प्रकार रूढ झाला. इडलिंबाची साल नखाने खरवडली की जो तुषार उडतो, तसा हा टवटवीत वास तास-दोन तासांत संपतो. डिओरचा 'ओ सोव्हाज' १९६६चा. एदमों रुदनित्स्का या परफ्यूम घडवणाऱ्याने त्यात लिंबाच्या जोडीला हेडिओन नावाचा जाईच्या जातकुळीचा, हवेशीर घटक वापरला आणि पुरुषांच्या परफ्यूमला एक नवी वाट मिळाली. ऑफिससाठी हा आजही सभ्य पर्याय आहे.

फूजेर हे नाव अवघड वाटलं तरी वास प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. दाढी झाल्यावर सलूनमध्ये जो स्वच्छ, साबणासारखा वास दरवळतो, तो बऱ्याच अंशी हाच. लॅव्हेंडर, ओक झाडावरचं शेवाळ आणि कूमारिन मिळून तो होतो. कूमारिनचा वास वाळलेल्या गवताच्या गंजीसारखा, थोडा बदामाकडे झुकणारा असतो. विल्यम पर्किनने १८६८ साली ते प्रयोगशाळेत तयार केलं, आणि १८८२ साली ऊबिगां या फ्रेंच कंपनीच्या 'फूजेर रॉयाल'मध्ये ते वापरलं गेलं. या सगळ्या घराण्याचं नाव त्या एका बाटलीवरून पडलं. १९६४चा 'ब्रूट' याच वंशातला. १९८८चा डेव्हिडॉफचा 'कूल वॉटर'सुद्धा, फक्त पाण्याची झुळूक घेतलेला. मुलाखतीला किंवा नवीन ऑफिसच्या पहिल्या दिवशी काय लावावं असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून हे घराणं सुचवतो.

पाण्याच्या वासांचं मूळ कॅलोन नावाच्या रेणूत आहे. फायझर या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तो १९६६ साली सापडला. कलिंगडाच्या सालीलगतचा पांढरट भाग आणि समुद्रावरचा वारा एकत्र करा, म्हणजे कल्पना येईल. १९९६चा अरमानीचा 'अक्वा दि जिओ' या प्रकारातला सर्वात ओळखीचा.

गेल्या पंधरा वर्षांत दुकानं व्यापली आहेत ती लाकूड आणि अंबर (उबदार, जडसर वास) यांच्या मिश्रणाने. शनेलचा 'ब्लू द शनेल' २०१० सालचा, डिओरचा 'सोव्हाज' २०१५ सालचा. सोव्हाजचा कणा म्हणजे अँब्रॉक्सन, अंबरग्रीसच्या वासाची आठवण देणारा, प्रयोगशाळेत घडवलेला रेणू. अंबरग्रीस म्हणजे 'व्हेलची उलटी', कोकण किनाऱ्यावर जी पकडल्याच्या बातम्या आपण सतत वाचतो. स्पर्म व्हेल आपल्याकडे संरक्षित असल्याने तिचा व्यापार गुन्हा आहे, आणि आजच्या परफ्यूमला तिची गरजही उरलेली नाही. या घराण्याची एक अडचण सांगायला हवी. हे वास इतके पसरलेत की एका मजल्यावर चार जणांच्या अंगाला सारखाच वास येतो. त्याचं तुम्हाला काही वाटत नसेल तर टिकाऊपणात हे परफ्यूम उत्तम आहेत.

उरले गोड-मसालेदार, चामड्याचे आणि उदाचे, म्हणजे अगरूच्या लाकडाचे वास. वेलदोडा, जायफळ, व्हॅनिला, धूप. हे थंडीसाठी आणि संध्याकाळसाठी. बाजारातल्या कित्येक उदाच्या परफ्यूममध्ये आपल्या नागरमोथ्याचं तेल असतं, त्याला तिकडे सिप्रिऑल म्हणतात. उटण्यातला तो काळपट, मुळांचा वास ओळखता आला की उदाच्या बाटलीत नक्की काय आवडतंय किंवा खुपतंय ते सांगता येतं. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणाही परफ्यूमवाल्यांचा लाडका. त्याचं तेल प्रत्येकाच्या अंगावर वेगळं उमलतं असं जाणकार सांगतात. बाटलीवर दवणा लिहिलेला दिसला तर मी तरी थांबून वास घेतोच.

बाटलीवर लिहिलेलं वाचायचं कसं

ओ द कोलोन, ओ द तॉयलेट, ओ द पार्फम, पार्फम. सुगंधी तेलाचं प्रमाण या क्रमाने वाढत जातं. ढोबळमानाने कोलोनमध्ये २ ते ५ टक्के, तॉयलेटमध्ये ५ ते १५, ओ द पार्फममध्ये १५ ते २० आणि पार्फममध्ये त्याहून जास्त. पण हे आकडे कायद्याने बांधलेले नाहीत, प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते. दुकानदार "ईडीपी (ओ द पार्फम) घ्या, ईडीटीपेक्षा (ओ द तॉयलेटपेक्षा) स्ट्राँग असतो" म्हणतो ते अर्धंच खरं असतं, कारण बऱ्याचदा दोन्हींचा मसालाच निराळा असतो. सोव्हाजचा तॉयलेट २०१५चा, ओ द पार्फम २०१८चा, पार्फम २०१९चा. नाव एकच, तरी तिन्हींचे वास स्वतंत्रपणे पारखावे लागतात. उन्हाळ्यातल्या रोजच्या वापराला मला तॉयलेटच बरा वाटतो. कमी तेलामुळे तो मोकळा असतो आणि चुकून एखादा फवारा जास्त गेला तरी निभावतो.

दुकानातला पहिला दिवस: काहीही विकत घ्यायचं नाही

सर्दी नसताना जा. सकाळी किंवा जेवणाआधी, अंगाला कुठलाही वास न लावता. चारपेक्षा जास्त परफ्यूम एका दिवसात हुंगू नका, त्यापुढे नाक थकतं. प्रत्येक पट्टीवर आधी पेन्सिलीने नाव लिहा, मग फवारा मारून घ्या आणि अर्धा मिनिट थांबा, म्हणजे अल्कोहोल उडून जाईल. पट्टी नाकाला टेकवू नका. काउंटरवर वाटीत ठेवलेल्या कॉफीच्या बियांनी नाक ताजंतवानं होतं असं सांगतात, पण कॉफी हा आणखी एक तीव्र वास आहे. त्यापेक्षा स्वतःच्या बाहीचा वास घ्या किंवा दोन मिनिटं दुकानाबाहेर उभे राहा.

चारांतले दोन निवडा. एक डाव्या हातावर कोपराच्या आतल्या बाजूला, दुसरा उजव्या. एकेकच फवारा. आणि दुकानातून बाहेर पडा. विक्रेता सवलतीचा शेवटचा दिवस सांगेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा. सवलत पुन्हा येते.

बाहेर पडायचं कारण असं. परफ्यूममधले रेणू एकाच वेगाने उडत नाहीत. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन हलकं, त्याचा रेणुभार १३६. अँब्रॉक्सनचा २३६. हलके आधी उडतात, जड मागे राहतात. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं एक वास, पुढचे दोन-तीन तास दुसरा आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत तिसराच. दुकानात आपण पहिला वास हुंगून पैसे देतो, आणि दिवसभर अंगावर वागवतो तो दुसरा आणि तिसरा. पट्टीवर हे सगळं नीट कळत नाही, कारण कागदाला ना ऊब असते, ना तेल, ना घाम.

नोंदी पाच वेळा करा: पाच मिनिटं, अर्धा तास, दोन तास, पाच तास, आठ तास. दर वेळी तीनच गोष्टी लिहा. वास कशासारखा वाटतो (मोठे शब्द नकोत, "संत्र्याची साल", "नवीन वही", "देवघर" असं काहीही चालेल), हात नाकापासून किती लांब असताना येतो, आणि आत्ता तो आवडतोय का. माझ्या वहीतल्या एका मे महिन्यातल्या नोंदीत डाव्या हातावर तेर द'एर्मेस आहे, उजव्या हातावर अक्वा दि जिओ. पाच मिनिटांनी उजवा हात सरळ जिंकत होता, लिंबू आणि समुद्र. दोन तासांनी तो फिकट फुलांचा झाला होता, आणि डावीकडे संत्रं जाऊन कोरडी माती आणि मिरी आली होती. पाच तासांनी उजव्या हातावर नाक टेकवावं लागत होतं. आठ तासांनी डाव्या हातावर अजून वाळा होता, माठातल्यासारखा. दुकानात असतो तर मी उजवा घेतला असता. तुमच्या त्वचेवर हे उलटंही होऊ शकतं. कोरड्या त्वचेवर वास लवकर जातो, तेलकट त्वचेवर रेंगाळतो.

दुसरा टप्पा: नमुने घरी आणा

एका दिवसाच्या परीक्षेत पास झालेल्या दोन-तीन परफ्यूमचे लहान नमुने मिळवा. बऱ्याच कंपन्या दोन मिलिलिटरच्या कुप्या विकतात किंवा खरेदीवर देतात. मोठ्या बाटलीतून लहान कुपीत भरून देणारेही आहेत, अशा कुप्यांना डिकँट म्हणतात. विश्वासाचा विक्रेता असेल तर तेही चालतील. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर जातं, म्हणजे दोन मिलिलिटरमध्ये वीस फवारे. रोज चार धरले तर पाच दिवस. सोमवार ते शुक्रवार, एक पूर्ण आठवडा एकच परफ्यूम लावा. गर्दीच्या दिवशी, मीटिंगच्या दिवशी, पाऊस पडला त्या दिवशी तो कसा वागतो ते बघा. पुढच्या आठवड्यात दुसरा.

याच आठवड्यात घरच्यांची मदत घ्या. बहीण, बायको, वडील, कोणीही. त्यांना पट्ट्यांच्या मागे आकडे घालायला सांगा आणि कोणत्या आकड्याचा कोणता परफ्यूम हे तुम्हाला कळू देऊ नका. मोठं नाव डोळ्यांसमोर असलं की नाक त्याच्या बाजूने झुकतं. नाव झाकून केलेल्या परीक्षेत मी दोनदा महागडी बाटली बाजूला ठेवून निम्म्या किमतीची निवडली आहे, आणि पश्चात्ताप झालेला नाही. भारतीय कंपन्यांना याच परीक्षेत न्याय मिळतो. टायटनने २०१३ साली 'स्किन' ही मालिका आणली, त्यानंतर देशी कंपन्यांचे कितीतरी चांगले पर्याय आले. अमिरातीतल्या कंपन्याही प्रसिद्ध परफ्यूमच्या वळणाचे वास खूप कमी किमतीत देतात. यातल्या काहींची सुरुवात कर्कश असते, पण तासाभराने ते सुंदर बसतात. नाव झाकून, आणि तासाभरानंतर, तुलना करा.

घरच्यांची मदत आणखी एका कारणासाठी लागते. कस्तुरीच्या वासाचे काही कृत्रिम रेणू कित्येकांच्या नाकाला कळतच नाहीत. तुम्हाला वाटतं परफ्यूम दुपारीच गेला, आणि समोरच्याला तो संध्याकाळीही येत असतो. टिकाऊपणाचा निकाल स्वतःच्या नाकावर कधीच देऊ नका.

पैशांचा हिशेब बाटलीच्या किमतीने करू नका

शंभर मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे हजार फवारे असतात. समजा पहिली बाटली ६,५०० रुपयांची आहे आणि सकाळचे तीन फवारे दिवसभर पुरतात. दिवसाचा खर्च साडेएकोणीस रुपये, बाटली अकरा महिने चालेल. दुसरी १,८०० रुपयांची, पण सकाळी पाच आणि दुपारी पुन्हा चार फवारे लागतात. दिवसाला नऊ फवारे, १६ रुपये २० पैसे, आणि बाटली चार महिन्यांच्या आतच संपेल. वर्षाला पहिलीचा खर्च साधारण ७,१०० आणि दुसरीचा ५,९००. दुकानात साडेतीनपट दिसणारा फरक वर्षाअखेरीस बाराशे रुपयांवर येतो. कधी हा हिशेब स्वस्त बाटलीच्या बाजूने लागतो, कधी महाग बाटलीच्या, पण करावा जरूर. दिवसाचे फवारे किती, हे तुमच्या आठवड्याच्या नोंदीत असतंच.

शंभर मिलिलिटरच्या बाटलीत मिलिलिटरचा भाव कमी पडतो हे खरं. तरी पहिल्यांदा तीस किंवा पन्नासचीच घ्या. रोज चार फवाऱ्यांनी तीस मिलिलिटर अडीच महिने पुरतं, म्हणजे एक ऋतू निघतो.

अत्तराचा पर्याय खरंच विचारात घ्या

अल्कोहोलचा परफ्यूम हवेत पसरतो, अत्तर अंगालगत राहतं. गर्दीच्या डब्यात हा गुण मोठा आहे. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला अजूनही तांब्याच्या देगेत फुलं किंवा मुळं घालून, बांबूच्या नळीतून वाफ भपका नावाच्या भांड्यात उतरवतात, आणि भपक्यात परंपरेने चंदनाचं तेल असतं. खस म्हणजे आपला वाळाच. उन्हाळ्यात खस किंवा गुलाब आणि थंडीत हिना किंवा शमामा अशी जुनी रीत आहे, आणि ती हवामानाला धरून आहे. भाजलेल्या मातीपासून काढलेलं मिट्टीचं अत्तर पहिल्या पावसाचा वास देतं. एकदा तरी तळहातावर घेऊन पाहा.

अत्तर अजूनही तोळ्यावर विकतात. मुंबईत मोहम्मद अली रोडवर गेलात तर दुकानदार मनगटावर काडीने रेघ ओढून देतो, घाई करत नाही. भाव फारच कमी असेल तर समजावं की चंदनाऐवजी बिनवासाचं स्वस्त द्रावण आहे आणि वासही बहुधा कृत्रिम. ते वाईटच असेल असं नाही, पण भाव त्याप्रमाणे द्यावा. एक थेंब दोन कानांमागे पुरतो, किंवा कापसाचा फाया कानाच्या पाळीवरच्या घडीत. पांढऱ्या शर्टाला लागू देऊ नका, डाग जात नाही.

विकत घेताना तपासायचं

खोक्यावर छापील कमाल किंमत, उत्पादनाची किंवा आयातीची तारीख, वापराची मुदत, आणि माल परदेशी असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. बाटलीच्या तळाशी आणि खोक्यावर बॅचचा आकडा असतो, दोन्ही जुळले पाहिजेत. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ३६ असा आकडा म्हणजे उघडल्यापासून छत्तीस महिने. मोठ्या नावाची बाटली निम्म्या भावात "टेस्टर आहे" म्हणून रस्त्यावर कोणी देत असेल तर घेऊ नका. नकली मालात त्वचेवर काय जातं ते कुणालाच माहीत नसतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी काकांचा किंवा स्वतःचा एखादा परफ्यूम फार आवडला होता म्हणून तोच पुन्हा न हुंगता मागवू नका. सूत्रं बदलतात. ओकच्या शेवाळाच्या वापरावर परफ्यूम उद्योगाने स्वतःच मर्यादा घातल्या, आणि लिलियल नावाच्या घटकावर युरोपीय संघात १ मार्च २०२२पासून बंदी आहे. नाव तेच राहतं, वास थोडा सरकतो.

त्वचा नाजूक असेल तर कोपराच्या आत एक फवारा मारा आणि दोन दिवस वाट बघा. लिनालूल, लिमोनीन, कूमारिन ही खोक्यावरची नावं त्यातूनच कोणाकोणाला खाज येते म्हणून छापलेली असतात. कशाने पुरळ आलं ते वहीत लिहून ठेवा, त्वचारोगतज्ज्ञांना त्याचा उपयोग होतो.

लावायचा कसा

आंघोळीनंतर, अंग कोरडं झाल्यावर, शर्ट घालण्याआधी. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा थोडंसं खोबरेल चोळा. खोबरेलाचा वास मात्र लक्षात घ्या, वाळ्याशी तो जुळतो, पाण्याच्या वासांशी भांडतो. उन्हाळ्यात दोन किंवा तीन फवारे: एक छातीवर, एक मानेमागे, हवा असेल तर एक कोपराच्या आत. थंडीत चार. एक वीत अंतरावरून. नुकतीच दाढी केलेल्या गालावर नको, झोंबतं आणि त्वचा लाल होते. नैसर्गिक बर्गामोटच्या तेलातल्या एका घटकामुळे उन्हात त्वचा काळवंडू शकते, म्हणून दुचाकीवरून जाणाऱ्यांनी उघड्या मानेऐवजी शर्टाखाली लावावा.

कपड्यावर वास जास्त टिकतो, पण त्वचेवर खुलतो तसा खुलत नाही. सुती गडद शर्टावर एक फवारा चालेल. रेशमी कुर्त्यावर नको.

बाटली न्हाणीघरात किंवा गाडीत ठेवू नका. ऊब आणि प्रकाशाने वास बिघडतो, आणि अल्कोहोल पेट घेतं. कपाटात, खोक्यासकट ठेवा. परदेशी विमानप्रवासात बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपर्यंतचीच बाटली चालते.

एक परफ्यूम रोज लावायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो तुम्हाला स्वतःला येईनासा होतो. नाक सवयीच्या वासाची दखल घेणं सोडून देतं. बहुतेक पुरुष इथेच फवारे वाढवतात, तीनाचे पाच, पाचाचे आठ. तसं वाटायला लागलं की फवारा वाढवण्याआधी घरात कोणाला तरी हाताच्या अंतरावर उभं करून विचारा, "येतोय का?" त्यांनी हो म्हटलं तर तीनच ठेवा आणि रविवारी काही लावू नका.